दुर्गाबाईंचं घर आणि दुर्गाबाईंचं काम

केनवड, तालुका रिसोड. भाची वाशीमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी तिने एकपात्री बसवायला घेतलंय. विषय आहे दुर्गा खोटे. आईचा विरोध आहे. ‘तुझ्या मामाले विचार, तो म्हणेल ते खरं,’ असं म्हणून तिने चेंडू भावाकडे टोलवला. मामा शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. आता पाच एकर शेती आणि एक कपाटभर पुस्तकं. पुढचं बोलणं त्यांच्या ओसरीवरचं.

मामा : तुझी माय फोनवर रडून राहिली होती. पोरगी नाटकात चालली म्हणे. काय भानगड आहे?

भाची : भानगड कसली मामा, एकपात्री आहे. आईचं एकच पालुपद, चांगल्या घरच्या पोरी असं करत नाहीत. म्हणून तर मी मुद्दाम दुर्गा खोटे निवडल्या. त्यांच्यापेक्षा चांगलं घर ती कुठून आणणार? वडील मुंबईत सॉलिसिटर, माहेर लाडांचं, सासर खोट्यांचं. शिक्षण कॅथेड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स कॉलेजात. अशी बाई १९३२ साली पडद्यावर तारामती झाली. मग मी २० मिनिटं स्टेजवर उभी राहिले तर काय बिघडलं?

मामा : इथंच तू फसली. मायच्याच मापानं मायले उत्तर देऊन राहिली. उद्या ती म्हणेल, दुर्गाबाईंचं घर मुंबईचं, सॉलिसिटरचं. आपलं केनवडचं, सोयाबीन-तुरीचं. त्यायले जमलं ते तुले काऊन जमावं? मग काय सांगशील?

भाची : सांगेन, की घर मोठं होतं म्हणूनच पडणं अवघड होतं. सासरची आर्थिक घडी विस्कटली. पदरात दोन मुलगे. पैशांची गरज होती म्हणून त्या सिनेमात आल्या, हौस म्हणून नाही. पहिला सिनेमा १९३१ चा, ‘फरेबी जाल’. तो पडला आणि बदनामी मात्र पोटभर झाली. लाडांची लेक, खोट्यांची सून असल्या सिनेमात! सामान्य घरातल्या बाईला इतकं कोणी बोललं नसतं, कारण तिच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नसतं.

मामा : बदनामी झाली, कबूल. पण त्या बदनामीनं त्यायची चूल बंद पडणार होती का? विहीर असलेला शेतकरी दुबार पेरणीचा धोका घेऊ शकते. कोरडवाहूवाला पहिल्याच पेरणीत बसते. पहिला सिनेमा पडला तरी दुर्गाबाईंपाशी इंग्रजी होतं, ओळखी होत्या, माहेर होतं. दुसरी संधी मिळाली ती त्याच्यामुळं. शांताराम बापूंनी त्यायले ‘अयोध्येचा राजा’त घेतलं, तेव्हा अभिनय पाहून घेतलं का घराणं पाहून?

भाची : दोन्ही पाहिलं असेल. पण सिनेमा लागल्यावर लोकांनी काय पाहिलं, ते बघा. ‘अयोध्येचा राजा’ म्हणजे मराठीतला पहिला बोलपट. प्रभात कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गाबाई तारामती. पार्श्वगायन तेव्हा आलेलं नव्हतं. नटाने कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता स्वतःच गायचं. मायक्रोफोन जागेवर, त्यामुळे मान वळवायची तरी विचार करून. अशा वेळी वडील सॉलिसिटर असून काय उपयोग? सूर तर स्वतःलाच लावावा लागतो.

मामा : हे बरोबर बोलली. पण तारामतीचीच गोष्ट काढली, तर मागची तारामती आठव. फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामती कोण झालं होतं?

भाची : साळुंके. पुरुष.

मामा : हॉटेलात काम करणारा गडी. बाई मिळेना म्हणून. नाचगाण्यावर जगणाऱ्या बायकांनीही फाळक्यांना नाही म्हटलं. सिनेमाले इतकं हलकं समजत होते. आमच्या शाळेच्या संमेलनात मी स्वतः नऊवारी नेसून द्रौपदी झालेलो आहे, कारण पोरींच्या बापांनी पोरी पाठवल्या नाहीत. म्हणजे साळुंक्यांची परंपरा केनवडात बरीच वर्षं चालली.

भाची : मग १९१३ ची तारामती पुरुष आणि १९३२ ची तारामती दुर्गा खोटे. १९ वर्षांत केवढा फरक पडला! तो फरक दुर्गाबाईंनीच पाडला ना?

मामा : नाही. इथं तुझ्या एकपात्रीत खोट राहील. १९१३ सालीच, हरिश्चंद्राच्या पाठोपाठ, फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. त्यात दोन बाया आहेत. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यायची लेक कमला. हीच पुढं कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखल्यांची माय, विक्रम गोखल्यांची आजी. भारतीय पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया ह्या. आणि दुर्गाबाई कामत काही हलक्या घरच्या नव्हत्या. नवऱ्यापासून वेगळं होऊन, लेकरू कडेवर घेऊन नाटक कंपनीच्या आसऱ्याले आलेल्या होत्या. त्यायचं नाव किती जणाले माहीत आहे?

भाची : मलाही कमलाबाईंचं माहीत होतं, त्यांच्या आईचं नाही.

मामा : काऊन? कारण नवरा सोडलेली, गावोगाव फिरणाऱ्या कंपनीतली बाई. तिले ‘चांगल्या घरची पहिली’ म्हणायची कोणाची छाती नव्हती. १९ वर्षांनी तेच काम मोठ्या घरच्या बाईनं केलं, तेव्हा लोक म्हणाले, आता पडदा शुद्ध झाला. म्हणजे आधीच्या साऱ्या बाया अशुद्ध होत्या का? माझा राग दुर्गा खोट्यांवर नाही. राग आहे ‘घरंदाज’ या बिल्ल्यावर. तोच बिल्ला तू छातीवर लावून चालली.

भाची : बिल्ला त्यांना लोकांनी लावला. त्यांचं काम त्या बिल्ल्यात मावत नाही. ‘माया मच्छिंद्र’मधे स्त्रीराज्याची राणी, पायाशी चित्ता. १९३६ च्या ‘अमरज्योती’त सौदामिनी. मुलाचा ताबा नाकारला म्हणून बंड पुकारते आणि समुद्रावर चाचेगिरी करते. तो सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. सोज्वळपणाच्या जोरावर पोट भरायचं असतं, तर त्यांनी आयुष्यभर सीता आणि तारामतीच केल्या असत्या.

मामा : सीताही केली ना?

भाची : केली. १९३४ ला, देवकी बोस यांच्या सिनेमात, कलकत्त्याला. राम होते पृथ्वीराज कपूर. त्याआधी ‘राजरानी मीरा’, तीही कलकत्त्याला, न्यू थिएटर्सकडे. हे नीट बघा मामा. कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई. त्या काळी नटनट्या कंपनीच्या पगारी नोकर असायच्या. करार केला की वर्षानुवर्षं दुसरीकडे पाऊल टाकायचं नाही. दुर्गाबाई मात्र भूमिका बघून कंपनी बदलत राहिल्या. मला वाटतं, घरापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

मामा : आता मुद्द्यावर आली. ही गोष्ट खरंच मोठी आहे. पण तीसुद्धा घरामुळंच शक्य झाली, असं मी म्हणतो. त्याच प्रभातमधल्या शांता आपटे घे. ‘कुंकू’ची नायिका. म्हाताऱ्याशी लावलेलं लग्न न मानणारी नीरा. लोकांनी डोक्यावर घेतली. पण कराराच्या कटकटीवरून १९३९ साली त्या पुण्यात प्रभातच्याच फाटकाबाहेर उपोषणाला बसल्या. एवढी नावाजलेली नटी, आणि सुटका मागायले फाटकात उपाशी बसावं लागलं. दुसऱ्या वर्षी पुस्तक लिहिलं, ‘जाऊ मी सिनेमात?’ पुस्तकाच्या नावातच प्रश्न.

भाची : अमेरिकेतही तेच चाललं होतं. बेटी डेव्हिसने १९३६ मधे वॉर्नर ब्रदर्सच्या करारातून बाहेर पडायचा प्रयत्न केला. लंडनच्या कोर्टात गेली आणि हरली. ऑलिव्हिया डी हॅविलंडने १९४४ मधे त्याच कंपनीविरुद्ध कॅलिफोर्नियात खटला जिंकला, तेव्हा कुठे ठरलं की सात वर्षांच्या पुढे कोणाला करारात अडकवता येत नाही. हॉलिवूडच्या तारकांना कोर्टात जाऊन जे मिळवावं लागलं, ते दुर्गाबाईंनी त्याच्या दहा वर्षं आधी वागण्यातून मिळवलं.

मामा : कारण त्यायले ‘नाही’ म्हणता येत होतं. नाही म्हणायची ताकद कुठून येते? घरात दुसरा पैसा असला, शिक्षण असलं, बोलता येत असलं, तर येते. हंसा वाडकरांपाशी ती नव्हती. खरं नाव रतन साळगावकर. घरात पैसा नाही म्हणून कोवळ्या वयात कामाले लावली. १९३६ ला ‘विजयाची लग्ने’, म्हणजे १३ वर्षांची पोर. पुढं ‘संत सखू’ केली, ‘लोकशाहीर रामजोशी’ केला. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात शंभरावर आठवडे चालला. तमाशातली बाई उभी करावी तर हंसाबाईंनीच. पण कमाईवर हक्क दुसऱ्यांचा. आयुष्य कोणाच्या ना कोणाच्या हातात. १९७१ ला गेल्या तेव्हा वय ४८. शेवटी सारं अरुण साधूंना सांगून आत्मचरित्र केलं आणि नाव दिलं त्या सिनेमाचंच, ‘सांगत्ये ऐका’. श्याम बेनेगलांनी त्याच्यावरून ‘भूमिका’ काढला, तो पाहिला का?

भाची : पाहिलाय. स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याच्यासाठी.

मामा : मग एकपात्री हंसाबाईंवर कर. तुझ्यासारख्या पोरींच्या ती जास्त जवळची आहे.

भाची : इथे मी तुमचं ऐकणार नाही. हंसाबाईंचं दुःख मला कळतं. पण गावातल्या पोरीने नेहमी दुःखाचीच गोष्ट का सांगायची? आई नेमकं तेच म्हणेल, बघ, सिनेमा-नाटकात गेलेल्या बाईचं काय होतं ते. हंसाबाईंची गोष्ट दाखवली की लोक हळहळतात आणि पोरींना घरात ठेवतात. दुर्गाबाईंची दाखवली, तर निदान हे दिसतं, की हे काम ५० वर्षं करता येतं, त्यावर घर चालवता येतं, आणि म्हातारपणी मान मिळवता येतो.

मामा : ५० वर्षं कशी? नायिका तर सात-आठ वर्षांत जुनी होते.

भाची : तोच तर माझ्या एकपात्रीचा कणा आहे. १९४१ ला आचार्य अत्र्यांचा ‘पायाची दासी’ आला. नायिका वनमाला, आणि तिला छळणारी सासू दुर्गाबाई. वय ३६. चार-पाच वर्षांपूर्वी सौदामिनी होऊन गाजलेली बाई छत्तिसाव्या वर्षी सासू व्हायला तयार झाली. पुढच्याच वर्षी ‘भरतमिलाप’मधे कैकेयी. दोन्हींसाठी बंगालच्या सिनेपत्रकारांनी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं. मग १९६० मधे ‘मुगल-ए-आझम’ची जोधाबाई. एकीकडे बादशहा नवरा, दुसरीकडे बंडखोर मुलगा. ‘बॉबी’तल्या मिसेस ब्रिगँझा तर तुम्ही थिएटरात पाहिल्या असतील. १९७४ च्या ‘बिदाई’साठी फिल्मफेअर मिळालं तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या. तुमचं घराणं तिथे कामाला आलं असतं का? सासूची भूमिका घ्यायला घराणं लागत नाही, स्वतःच्या चेहऱ्याचा मोह सोडावा लागतो.

मामा : सोडला खरा. आणि रंगभूमी?

भाची : रंगभूमीवर तर अजून धाडस. सिनेमात रिटेक असतो, नाटकात नाही. नाव झालेली नटी उलट नाटकाकडे पाठ फिरवते. दुर्गाबाई मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून उभ्या राहिल्या. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त आनंदीबाई. १९५४ ला ‘राजमुकुट’, म्हणजे शिरवाडकरांनी मराठीत आणलेला मॅकबेथ. समोर नानासाहेब फाटक आणि दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल. खून करायला नवऱ्याला भरीस घालणारी बाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभी केली. १९५८ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. मला त्यांच्या सगळ्या कामात आनंदीबाईच करायच्या आहेत स्टेजवर.

मामा : ‘ध’चा ‘मा’ करणारी? केनवडची पोरगी करेल ते बरोबर!

भाची : हसू नका. बघा, तारामती, सीता, मीरा या गुणी बायका. सासू, कैकेयी, आनंदीबाई या खलबायका. घरंदाजपणाचा बिल्ला जपणारी नटी दुसरी यादी हातात घेत नाही. प्रेक्षक नटीत आणि भूमिकेत फरक करत नाहीत, हे माहीत असून त्यांनी घेतली.

मामा : हे मला पटलं. हा मुद्दा मी कधी असा पाहिला नव्हता. पण मी माझा मुद्दा सोडत नाही. त्यायले बिल्ला गमावता आला, कारण तो आधी मिळालेला होता. ज्या बाईले तो कधी मिळालाच नाही, तिनं आनंदीबाई केली की लोक म्हणतात, आहेच ती तशी.

भाची : तेही खरं.

मामा : बरं, आता मला एक सांग. सिनेमात आणि नाटकात दुसऱ्यानं दिलेलं काम करायचं असते. दुर्गाबाई तिथंच थांबल्या का?

भाची : नाही. १९३७ मधेच ‘साथी’च्या निर्मितीत उतरल्या होत्या. नंतर लघुपट, माहितीपट आणि जाहिराती करणारी स्वतःची कंपनी काढली, दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स. १९८८ ला दूरदर्शनवर आर. के. लक्ष्मणांच्या पात्रांवरची ‘वागले की दुनिया’ लागायची ना, ती याच कंपनीची. कुंदन शहांनी दिग्दर्शित केलेली.

मामा : अंजन श्रीवास्तववाली! ती तर आम्ही साऱ्या गल्लीनं पाहिली. त्यामागं दुर्गाबाईंचं नाव आहे हे मात्र आज कळलं.

भाची : म्हणजे बघा, कामावर घेणारी बाजूही त्यांनी हातात घेतली. १९८२ ला आत्मचरित्र लिहिलं, ‘मी, दुर्गा खोटे’. शांता गोखल्यांनी नंतर ते इंग्रजीत नेलं. १९६८ ला पद्मश्री, १९८३ चा फाळके पुरस्कार, १९९१ ला गेल्या. फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार तारामती झालेल्या बाईला मिळाला.

मामा : हे वाक्य एकपात्रीत ठेव. पण ऐक, आता मी माझं शेवटचं सांगतो. तू म्हणते काम मोठं, मी म्हणतो घर मोठं. दोघंही अर्धे बरोबर आहोत. घरानं दुर्गाबाईंना अभिनय दिला नाही, पण नाही म्हणायची ताकद दिली. आणि ती ताकद त्यायनं वाया घालवली नाही, हे त्यायचं कर्तृत्व. आता प्रश्न असा, की केनवडच्या पोरीले ती ताकद कोण देणार? सॉलिसिटर बाप तर तू आणू शकत नाही.

भाची : डिग्री देईल. पहिलं म्हणजे ती पूर्ण करणार.

मामा : लिहून घेतो मी. पुढं?

भाची : स्वतःचं बँक खातं. हंसाबाईंच्या कमाईवर दुसऱ्यांचा हक्क चालला, तसं नको. माझा पैसा माझ्या खात्यात. नंतर करार. शांता आपट्यांनी उपाशी बसून जे मागितलं, ते मी सही करण्याआधी वाचणार. तोंडी बोलीवर कोणाच्या नाटकात नाही, मालिकेत नाही.

मामा : आणि रात्रीच्या तालमी? मायले खरी भीती त्याची आहे. ते तिनं तुले सांगितलं नाही, मला सांगितलं.

भाची : भीती खोटी नाही. पण त्याला उत्तर घरात बसवणं नाही. २०१३ चा कायदा आहे, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रार समिती पाहिजेच. सिनेमाचा सेटही कामाचं ठिकाणच. दुर्गाबाईंच्या वेळी असलं काही नव्हतं, तेव्हा बाईचं रक्षण तिचं आडनाव करायचं. ज्यांना तसं आडनाव नव्हतं, त्यांचं कोणीच करत नव्हतं.

मामा : कायदा कागदावर असते बाई. समिती आहे का, असं विचारणारी पोरगी पुढच्या वेळी बोलावतात का?

भाची : एकटीने विचारलं तर नाही बोलावणार. दहा जणींनी विचारलं तर बोलवावंच लागेल. दुर्गाबाई एकट्या होत्या, म्हणून त्यांना घर लागलं. आम्ही एकट्या राहिलो नाही, तर घराची गरज कमी होईल.

मामा : बोलायला शिकली तू. आनंदीबाई जमेल तुले. पण एकपात्रीत एक बदल कर. सुरुवात दुर्गा खोट्यांपासून नको. दुर्गाबाई कामतांपासून कर, लेकीचा हात धरून फाळक्यांच्या कॅमेऱ्यासमोर आलेल्या. मधे शांता आपट्यांचं उपोषण येऊ दे, हंसाबाईंचं नाव येऊ दे. मग दुर्गा खोटे आपोआप बरोबर उंचीच्या दिसतात, एकट्या डोंगरावर उभ्या केलेल्या नाही दिसत.

भाची : करते. आणि आई?

मामा : मायले मी सांगतो. पण दुर्गाबाई चांगल्या घरच्या होत्या, असं काही सांगणार नाही. पोरगी कामाची आहे, एवढंच सांगीन. तू तिच्यासमोर दोन गोष्टी कबूल कर. परीक्षा बुडवणार नाही, आणि मेहनताना किती हे विचारल्याशिवाय पुढं कोणाच्या नाटकाले हो म्हणणार नाही. ज्या मायबापांच्या पोरी नाटकात चालल्या, त्यायले माझं हेच सांगणं आहे. पोरीच्या घरची अब्रू मोजत बसू नका. तिच्या हातात काय आहे ते मोजा. कमी असेल तर ते द्या, आणि जाऊ द्या.